बांधकाम बघणारे रसाळ

वाशीत तेव्हा रस्ते आधी आले होते आणि माणसं नंतर यायची होती. रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या फुटपाथवरच्या ओळखीच्या माणसाला हाक मारायची तर आधी घसा साफ करून घ्यावा लागे. कडेला गुलमोहराची हातभर उंचीची रोपं, त्यांच्याभोवती विटांची गोल कुंपणं आणि जिकडे बघावं तिकडे अर्धवट उभ्या इमारती. अशा एखाद्या इमारतीपुढे हात मागे बांधून, मान वर करून एक उंच माणूस उभा दिसला की लोक समजत, रसाळ फिरायला निघाले.

श्यामसुंदर रसाळ रबाळ्याला रंगाच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. सिमेंटशी त्यांचा संबंध पायाखालच्या फरशीपुरता. पण सेक्टरात त्यांना सगळे ‘इंजिनियर’ म्हणत. हा मान त्यांना कसा मिळाला आणि त्यांनी तो भर रस्त्यात कसा परत केला, त्याची ही गोष्ट. आता गंमत अशी, की जी बाई रोज त्यांच्याबरोबर चालत होती, त्या त्यांच्या बायकोला, वैजयंतीबाईंनाही, ती निम्मी उशिराच कळली.

परळची दहा बाय बाराची खोली सोडून रसाळांनी वाशीत ब्लॉक घेतला तो शहात्तर साली. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. खाडीपलीकडे साप आणि सिडको याशिवाय आहे काय, असं वैजयंतीच्या भावानं विचारलं आणि पुढची दोन वर्षं तो तिच्याकडे फिरकला नाही. वैजयंतीला मात्र पहिल्याच दिवशी ते घर आवडलं. स्वयंपाकघरात ओट्याला खिडकी होती. खिडकीतून वारा आला की स्टोव्ह विझायचा, आणि तिला त्याचंही कौतुक वाटायचं.

पण सगळ्यांत मोठं सुख संध्याकाळचं. परळला नवराबायकोनं शेजारी शेजारी चालायला जागाच नव्हती. एकानं पुढं, दुसऱ्यानं मागं, मध्ये चार अनोळखी माणसं. वाशीत कंपनीची बस रसाळांना साडेपाचला कोपऱ्यावर सोडायची, चहा व्हायचा आणि दोघं निघायची. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर वैजयंती पहिल्यांदा नवऱ्याबरोबर फिरायला जाऊ लागली होती. खाडीकडून खारट वारा यायचा, साडीचा पदर सांभाळता सांभाळता नाकी नऊ यायचे. रसाळ मूळचे फलटणकडचे, रानात वाढलेले. चालायचे झपाझप. ती मागून चपला फटकारत जवळजवळ पळायची आणि शेवटी म्हणायची, “अहो, मागं कुणी लागलंय का?” मग ते थांबायचे, हसायचे आणि दहा पावलांवर पुन्हा पुढं निघून जायचे. पुढं कितीतरी वर्षं तिला त्या धापा टाकण्याची आठवण यायची आणि बरं वाटायचं.

रसाळांच्या दोन्ही पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, एकेक पिवळा ठिपका होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा, किंचित उचललेला, हात लावला तर मऊ. लग्नात वैजयंतीच्या आईनं तो बघून काळजीनं चौकशी केली होती, तेव्हा रसाळांची सगळी भावकी हसली होती. त्यांच्या घरात त्याला सोनपापणी म्हणत. लाखात एखाद्याला नव्हे, फक्त रसाळांच्याच घरात, आणि तीही ज्याच्यावर लक्ष्मी प्रसन्न त्यालाच. वडिलांना, म्हणजे आप्पांना होती. चुलत्यांना, म्हणजे अण्णांना होती. दिवाळीच्या पाडव्याला घरच्या म्हशीचं ताजं कढवलेलं तूप चांदीच्या वाटीत भरून घरातली कर्ती बाई सोनपापणीवाल्याच्या हातात द्यायची, आणि त्यानं ते सगळ्यांदेखत पिऊन वाटी पालथी घालायची. मगच घरातल्यांनी फराळाला हात लावायचा. आप्पा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विहिरीवर बसल्या बसल्या गेले, चुलतेही पन्नाशीच्या आतबाहेर गेले, पण वाटीचा मान तेवढा चालू राहिला. सोनपापणीचा माणूस देवाला लवकर आवडतो, असं म्हणून लोकांनी त्याचीही सोय लावली होती. सासूबाई मुक्ताबाईंचं कुंकू गेलं, पण वाटी देण्याचा मान त्यांच्याकडेच राहिला. शिवाय वर्षभर एस.टी.नं येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर वाशीला तुपाचा डबा यायचाच.

एक्याऐंशीच्या सुमाराला रसाळांना बांधकामाचा नाद लागला.

म्हणजे वैजयंतीला तसं वाटलं. भराभर चालणारा हा माणूस एके दिवशी एका नव्या इमारतीपुढे थांबला आणि म्हणाला, पाया किती वर उचललाय बघ. तिनं बघितलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या कोपऱ्यावर स्लॅबची सळई बघितली. ती खूश झाली. चार श्वास घ्यायला मिळत होते. पुढं पुढं तर दर दोन इमारतींमागे एक थांबा ठरला. रसाळ हात मागे बांधून उभे राहायचे, वर बघायचे, मान हलवायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा निघायचे. एवढी वर्षं फक्त हजेरीची कार्डं बघणाऱ्या माणसाला एखादा छंद लागला, यात वाईट काय, असं तिनं शेजारणीलाही सांगितलं.

लोकांनी त्यातून काय काढायचं ते काढलं. सोसायटीत गच्ची गळायला लागली तेव्हा समितीवर रसाळांना घेतलं. ते नको नको म्हणत राहिले आणि लोकांना तो विनय वाटला. कोपऱ्यावरच्या बांधकामावर भगवान नावाचा मुकादम होता, जालन्याकडचा. त्याला तर वाटलं, हा माणूस कुठल्यातरी ऑफिसातून तपासणीला येतोय. रसाळ त्याच्या एका भिंतीपुढे रोज उभे राहायचे, कारण त्यांचा थांबा तिथं यायचा. भगवाननं तीन दिवस कसाबसा धीर धरला. चौथ्या दिवशी ते दोघं फिरत तिथं पोचले तर भिंत नव्हतीच. भगवान धावत आला, वैजयंतीला नमस्कार घातला आणि म्हणाला, “साहेब, ती तिरकी हुती, आपण पाडली. आता टेन्शन नका घेऊ.” रसाळांनी गंभीरपणे मान हलवली. घरी आल्यावर वैजयंती हसून हसून दमली, स्मिताला, आपल्या मुलीला, दोनदा सांगितलं. रसाळही हसले. फक्त त्या दिवसापासून भगवान त्यांना खुर्ची आणून देऊ लागला, आणि ते लगेच बसायचे. हे मात्र तिच्या लक्षात यायला हवं होतं.

ते आलं चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात. त्या दिवशी दोघं रोजचा रस्ता सोडून कांदा-बटाटा मार्केटच्या अंगाला गेली होती. तिकडे अजून काहीच उभं नव्हतं. लांबवर नुसतं वाळकं गवत, मध्ये एक टिटवी ओरडत होती. रसाळ थांबले. हात मागे बांधले आणि बघू लागले.

वैजयंतीनं समोर बघितलं. वीट नाही, खडी नाही, पाट्यासुद्धा नाहीत.

“इथं काय बघताय?” तिनं विचारलं.

“जागा,” रसाळ म्हणाले.

तेव्हा तिनं पहिल्यांदा इमारतीकडे न बघता नवऱ्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता. उजव्या पायाचा चवडाच तेवढा जमिनीला टेकला होता. एका क्षणात तिला तीन वर्षांतले सगळे थांबे आठवले, आणि ते जवळ जवळ कसे येत गेले तेही.  हा माणूस बांधकाम कधी बघतच नव्हता.

रसाळांनी मग कबूल केलं ते तुटक तुटक. चाललं की पोटरी आवळून येते, उभं राहिलं की सुटते. बाकी काही नाही. वयाचं असेल. डॉक्टरचं नाव काढताच ते तोंड फिरवून चालू लागले आणि पन्नास पावलांवर पुन्हा थांबले. ते का घाबरतात, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. आप्पा गेले त्या वयाला ते त्या वर्षी पोचले होते.

गोडीगुलाबी झाली, अबोला झाला, रडणंही झालं. रसाळ ढिम्म. शेवटी वैजयंतीनं त्यांच्याच शस्त्रानं त्यांना धरलं. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर सुनीती नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दवाखाना थाटला होता. वैजयंती एकटीच आधी जाऊन त्यांना सगळं सांगून आली, आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली की दवाखान्याच्या छताला ओल आलीय, समितीच्या माणसानं बघून जा म्हणताहेत. रसाळ टॉर्च घेऊन गेले. छत खडखडीत कोरडं होतं. ते मान वर करून ओल शोधत असताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, छत राहू दे. जरा डोळे मिटा बघू.”

डॉक्टरीणबाईंनी आधी पापण्या बघितल्या, मग पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली. डाव्या पायाला लागली, उजव्याला लागेना. मग त्यांनी दोघांना बसवून समजावलं. गच्चीवरून येणाऱ्या पाइपात आतून क्षार धरतो आणि वरच्या मजल्याचा नळ करंगळीएवढा होतो, हे समितीच्या माणसाला वेगळं सांगायला नको होतं. तसं पायाच्या रक्तवाहिन्यांचं झालंय. बसलं असताना रक्त पुरतं, चालायला लागलं की कमी पडतं, मग पोटरी ओरडते. जे पायात झालंय ते छातीतही होत असणार, म्हणून आत्ताच सावध व्हायला हवं. आणि पापणीवरचं हे पिवळं म्हणजे रक्तातली चरबी. ती वाढली की अशी कुठं कुठं येऊन बसते. काही घराण्यांत ती जन्मापासूनच जास्त असते.

 घरात आणखी कुणाच्या पापणीवर असं आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वडिलांच्या होतं, रसाळ म्हणाले. चुलत्यांच्या होतं. एवढं बोलून ते थांबले, आणि वैजयंतीचा आवाज आला. तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

“स्मिताच्या,” ती म्हणाली. “यंदाच दिसायला लागलंय.”

स्मिता एकोणीस वर्षांची होती. मे महिन्यात ती फलटणला गेली तेव्हा मुक्ताबाईंनीच तो ठिपका पहिल्यांदा बघितला होता आणि अख्ख्या आळीला पेढे वाटले होते. रसाळांच्या घरात आजवर एकाही पोरीला सोनपापणी आली नव्हती. यंदाच्या पाडव्याला आपण जातीनं वाशीला येणार आणि नातीच्या हातात वाटी देणार, असं त्यांनी तेव्हाच जाहीर केलं होतं.

त्या दिवसानंतर रसाळांनी एकदाही नाही म्हटलं नाही. स्वतःच्या पायासाठी जे केलं नसतं ते त्यांनी मुलीसाठी केलं. बापलेकीनं बरोबरच रक्त दिलं. कोलेस्टेरॉल हा शब्द वैजयंतीनं तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दोघांचंही ते भरमसाट निघालं. रसाळांची सिगारेट बंद झाली, तूप बंद झालं, मटणाचा रविवार गेला, एक गोळी आली. चालणं मात्र डॉक्टरीणबाईंनी बंद केलं नाही. चालायचं, दुखलं की थांबायचं, राहिलं की पुन्हा चालायचं, असं सांगितलं. म्हणजे थांबायचंच ना, असं रसाळांनी विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या की थांबायचंच, पण आता सांगून थांबायचं.

सगळं झालं, पण पाडवा राहिला होता. आईला सांगायचं कसं, यावर नवराबायकोनं पुष्कळ डोकं खाजवलं. स्मिताला पित्त झालंय म्हणावं, किंवा तिला कसलंतरी व्रत लावून द्यावं. वैजयंतीचा जीव वेगळ्याच गोष्टीनं कासावीस व्हायचा. ज्या हातांनी त्या बाईनं नवऱ्याला आणि दिराला वर्षानुवर्षं मानानं तूप पाजलं, त्या हातांकडे बघून हे बोलायचं कुणी? कुणाचंच धाडस होईना, आणि मुक्ताबाई डबा घेऊन येऊन थडकल्या.

पाडव्याची आंघोळ झाली, ओवाळणं झालं. पाटावर बसलेल्या बापलेकीपुढे मुक्ताबाईंनी दोन वाट्या मांडल्या. एक आप्पांची. दुसरी नवी कोरी, नातीसाठी त्यांनी स्वतःच्या पायातले जुने तोडे मोडून घडवून आणलेली. तुपाचा वास घरभर सुटला होता.  त्यांनी नवी वाटी स्मितापुढे धरली. स्मितानं बापाकडे बघितलं.

रसाळांनी हात पुढं करून ती वाटी घेतली. क्षणभर वैजयंतीला वाटलं, आईचं मन राखायला हा माणूस दोन्ही वाट्या स्वतःच पिऊन टाकणार. जन्मात त्यांनी आईला कधी दुखावलं नव्हतं. पण त्यांनी वाटी खाली ठेवली.

“आई, हिला हे नको देऊस,” ते म्हणाले. “ते सोनं नाही. आजार आहे. आप्पांना होता, अण्णांना होता, मला आहे. हिला जगायचंय.”

 मुक्ताबाई उठून आतल्या खोलीत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. वैजयंतीनं मागं जाऊन डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं, की हे रक्तातूनच येतं, नुसत्या तुपानं कुणी जात नाही. म्हातारीनं ऐकलं की नाही ते कळलं नाही. फराळाला घरात कुणीच हात लावला नाही.

संध्याकाळी मात्र त्या आपण होऊन उठल्या आणि मला तुमची वाशी दाखवा म्हणाल्या. तिघं निघाली. रस्त्यात पोरं फटाके उडवत होती, खाडीचा वारा सुटला होता. मुक्ताबाई नऊवारीचा ओचा खोचून लेकासारख्याच झपाझप पुढं. कोपऱ्यावर रसाळ थांबले. वैजयंतीही थांबली. भगवान मुकादमानं लांबून बघितलं आणि सणाचे नवे कपडे घातलेला तो माणूस खुर्ची उचलून पळत आला.

“साहेब, काय चुकलं का?”

इंजिनियर म्हणून मिरवायची ती शेवटची संधी होती. रसाळांनी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

“तुझी भिंत सरळ आहे, भगवान,” ते म्हणाले. “ती तेव्हाची पण सरळच असेल. मला बांधकामातलं काही कळत नाही. माझा पाय दुखतो, म्हणून मी थांबतो.”

भगवान खुर्ची तशीच हातात धरून उभा राहिला. मुक्ताबाई पुढं गेल्या होत्या, त्या मागं वळल्या. लेकाजवळ आल्या, त्याच्या पायाकडे बघितलं, आणि मग कितीतरी वेळ त्या पायाकडेच बघत राहिल्या.

“तुझं आप्पा बी असंच थांबायचं,” त्या म्हणाल्या. “रानातनं घरी येताना. दर बांधाला. मला वाटायचं, पीक बघत्यात. मी आपली डोईवर भारा घिऊन फुडं फुडं. येकदा बी मागं वळून इचारलं न्हाई, काय बघताय म्हून.”

वैजयंतीला रडू आवरेना. त्या रिकाम्या जागेपुढे आपण विचारलं नसतं तर, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. तिनं सासूचा हात धरला आणि म्हणाली, “आई, मीही तीन वर्षं बांधकामच बघत होते.”

भगवाननं खुर्ची टेकवली. रसाळांनी आईला बसवलं. तिनं लेकाला बसवलं. शेवटी खुर्ची रिकामीच राहिली आणि तिघं तिच्याभोवती उभी राहिली. घरी आल्यावर मुक्ताबाईंनी दोन्ही वाट्यांतलं तूप देवापुढच्या समईत ओतलं. ती समई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जळत होती. पुढं फलटणहून डबा यायचा त्यात हरभरे असायचे, शेंगा असायच्या, एकदा तर नुसतीच बाजरी आली. तूप पुन्हा आलं नाही. नातीची वाटी मात्र मुक्ताबाईंनी परत नेली नाही. स्मिताच्या लग्नात ती कुंकवाची वाटी म्हणून गेली.

रसाळांनी आप्पांचं वय ओलांडलं, मग चुलत्यांचंही. सेक्टरातल्या इमारती एकेक करून पुऱ्या झाल्या, त्यांच्या गॅलऱ्यांत कपडे वाळू लागले, गुलमोहर विटांच्या कुंपणातून वर आले. रसाळांचे थांबे हळूहळू लांब लांब गेले. इंजिनियर ही पदवी गेली ती गेलीच. लोक आता त्यांना बघून नुसतं, पाय कसा आहे, असं विचारत. वैजयंती आता त्यांच्या मागे पळत नसे आणि पुढेही जात नसे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा खाडीवर रेल्वेच्या पुलाचं काम निघालं. एका संध्याकाळी दोघं तिथवर चालत गेली. पाण्यात खांब उभे राहत होते, वर क्रेन फिरत होती. रसाळ थांबले आणि त्यांनी हात मागे बांधले.

“पाय?” वैजयंतीनं लगेच विचारलं.

“नाही गं,” ते म्हणाले. “आज खरंच बघतोय.”

तरीही वैजयंतीनं एकदा खाली वाकून त्यांच्या पायाकडे बघून घेतलं. दोन्ही टाचा टेकलेल्या होत्या. मग तीही त्यांच्याशेजारी उभी राहून पूल बघू लागली.